सातबाऱ्यावरच्या शब्दांचा कोश करतेय, 'आणेवारी'पाशी अडलेय

कोयनाकाठ (कऱ्हाड)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सवडीने वाचा.

गेली सतरा वर्षं मी जमिनीच्या कागदांचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र, कूळकायद्याचे निकाल. काम येतं बँकांसाठी सर्च रिपोर्ट करणाऱ्या वकिलांकडून, आणि परदेशात राहणाऱ्या पण गावच्या उताऱ्यावर अजून नाव असलेल्या माणसांकडून. अडलेला शब्द पहिल्यापासून वहीत टिपत आले. दोन फुलस्केप वह्या भरल्या. गेल्या दिवाळीत सगळं एक्सेलमध्ये चढवलं तर ६४० शब्द निघाले. आता त्यांचा रीतसर कोश करायचा आहे. वापरणार कोण, तर कर्ज विभागात नुकती लागलेली मुलगी, वकिलाकडचा पहिल्या वर्षाचा ज्युनिअर, आणि माझ्यासारखे भाषांतरकार.

हे का करावंसं वाटलं ते सांगते. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं. एका सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात 'वि.का.स. सोसायटी इकरार रु. ४०,०००' अशी नोंद होती (वि.का.स. म्हणजे गावची विविध कार्यकारी सोसायटी). घरातल्या शब्दकोशात इकरार म्हणजे करार, कबुली. मी 'ॲग्रीमेंट' लिहिलं आणि पुढे गेले. बँकेतल्या साहेबांना वाटलं, जमीन कुणाला तरी विकायचा करार झालाय. त्या शेतकऱ्याचं विहिरीचं कर्ज पावसाळा सरेपर्यंत अडकलं. खरं तर इकरार म्हणजे सोसायटीच्या सभासदाने कर्जापोटी आपल्या जमिनीवर बोजा चढवून दिल्याचं घोषणापत्र, सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ खालचं. विक्रीचा त्यात संबंधच नाही. हे मला त्या गावच्या सोसायटीच्या सचिवांनी सांगितलं. शेतकऱ्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण तो पावसाळा मी विसरलेले नाही.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश माझ्या टेबलावर कायम असतात आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांची वाट इंग्रजीकडून मराठीकडे जाते. इंग्रजी कायदा, इंग्रजी नियम मराठीत आणायचे होते तेव्हा तीच वाट हवी होती. माझ्या वापरणाऱ्याच्या हातात मराठी शब्द आधीच आहे. तोही तुटका, संक्षेपातला, कधी भलत्याच ऱ्हस्व-दीर्घातला. त्याला प्रतिशब्दाच्या आधी अर्थ हवाय.

आता अडतंय कुठे ते सांगते. 'आणेवारी' घ्या. जुन्या उताऱ्यावर सामाईक जमिनीत कुणाचा किती हिस्सा ते आणेवारीत लिहिलेलं असतं. तीन भावांत जमीन असेल तर प्रत्येकाच्या नावापुढे ५ आणे ४ पै. आणि दुष्काळाच्या बातमीत आणेवारी येते ती पिकाची, जिला आता पैसेवारी म्हणतात. एका शब्दाखाली दोन अर्थ द्यायचे की दोन वेगळ्या नोंदी करायच्या? असे निदान तीसेक शब्द आहेत. 'कूळ' तर घरात, देवघरात, वकिलाच्या ऑफिसात आणि सातबाऱ्यावर चार ठिकाणी चार वेगळं.

संक्षेपांचं काय करायचं? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने 'ए.कु.मॅ.' हा नावाचाच भाग समजून तसाच्या तसा इंग्रजी अक्षरांत उतरवला. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नाव लागलं असेल तर त्या जमिनीत इतर भावंडांचे हिस्से असू शकतात. ती तीन अक्षरं कळली नाहीत तर सगळी जमीन एकट्याची दिसते. तसंच 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. यांना ए आणि अ खाली ठेवायचं की पूर्ण शब्दाखाली?

आणि व्याख्या. माझी एक नोंद देते: 'पोटखराब: शेतीला निरुपयोगी जमीन.' वाचून मलाच समाधान होत नाही, पण काय कमी आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही. नोंदीत कायदा किती द्यायचा, तेही ठरत नाही.

तलाठी आणि वकील मंडळींना व्हॉट्सॲपवर एक तक्ताही पाठवला होता, तुमच्या भागातले शब्द भरा म्हणून. बावन्न जणांना पाठवला, भरून आले चार.


शंकूसाखळी (वाई)

ताई, मी भूमी अभिलेखात चौतीस वर्षं भूकरमापक होतो. तुम्ही आणेवारीचे दोन अर्थ म्हणता, पण खाली जो 'आणा' आहे त्याचे चार आहेत, आणि ते सुटे केल्याशिवाय आणेवारी कुणाला नीट कळायची नाही.

आमची जुनी मोजणी शंकू आणि साखळीने व्हायची. साखळी ३३ फुटांची. ती एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने अंथरली की ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीचे सोळा भाग पाडलेले असत आणि त्या एकेका भागालाही आणा म्हणत. म्हणजे आणा ही लांबी झाली, दोन फुटांहून किंचित जास्त. टिपणावर तुम्हाला रेघांच्या कडेने जे आकडे दिसतात ते साखळी आणि आण्यांत आहेत. आता क्षेत्र लिहिताना एकर, गुंठे, आणे असं लिहीत. तिथला आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, साधारण ६८ चौरस फूट. तिसरा आणा तुमचा हिश्श्याचा, रुपयाच्या सोळा आण्यांवरून आलेला. चौथा पिकाचा, तोही रुपयावरूनच, सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक.

माझ्यासमोर एकदा दोन भाऊ भांडत आले होते. जुन्या कागदावर क्षेत्राच्या रकान्यात 'आणे ८' होते. धाकट्याचं म्हणणं, माझा निम्मा हिस्सा लिहिलाय. ते क्षेत्र होतं, अर्धा गुंठा. रकाना न बघता शब्द वाचला की असं होतं. म्हणून माझं सांगणं एकच, प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या कागदावर, कुठल्या रकान्यात सापडतो ते लिहाच. आम्ही नवीन मुलांना शिकवताना कधी नुसता शब्द सांगत नव्हतो, कागद उघडून बोट ठेवायचो.

दुसरं, तुमची यादी तलाठी दप्तरापाशी थांबलीय असं दिसतंय. सातबाऱ्यावरचं क्षेत्र मुळात आमच्या खात्यातून येतं. टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी जागेवर काढलेलं मापांसह कच्चं रेखाटन. त्या मापांवरून क्षेत्र काढायला जे गुणाकार केले ते ज्यात आहेत ते गुणाकार बुक. गावातल्या सगळ्या नंबरांचं क्षेत्र आणि आकार, म्हणजे सारा, एकत्र लिहिलेला तो आकारबंद. पुढे हिस्से पडले की फाळणी, आकारफोड. रस्त्याला जमीन गेली, बिनशेती झाली, की कमी-जास्त पत्रक, ज्याला सगळे 'कजाप' म्हणतात आणि तसंच लिहितात. मोजणी झाल्यावर अर्जदाराला जो नकाशा मिळतो ती 'क प्रत'. बँकेतल्या मुलीसमोर क प्रत रोज येते. ती कसली प्रत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि गुंठा म्हणजे आर असं कुठेही छापू नका. बोलताना आपण म्हणतो, चालतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१ आणि वर थोडा. एकरभरात जवळजवळ अर्ध्या आराचा फरक पडतो. मोजणीच्या बांधावर तेवढ्यावरून डोकी फुटलेली मी पाहिलीत.


लातूरचा कारकून

मी वकिलांकडे कारकुनी करतो, मराठवाड्यातलं सांगतो.

आमच्याकडचे जुने कागद निजामाच्या काळातले. त्यावरचं साल फसली असतं. फसली १३५० म्हणजे इसवी १९४० आणि ४१. फसलीत ५९० मिळवायचे. पुण्याहून भाषांतर होऊन आलेल्या एका कागदात १३५० हे इसवी सन म्हणून छापलेलं मी स्वतः पाहिलंय. तुमच्या कोशात शब्द असतील, पण सालं आणि मापंसुद्धा शब्दांइतकीच अडवतात. त्यांनाही नोंदी द्या.

शब्द म्हणाल तर सेतवार, खासरा पाहणी पत्रक, हे आमच्याकडे रोजचे. सगळ्यात जपून करायची जोडी म्हणजे मदतमाश आणि खिदमतमाश. ऐकायला भावंडं. दोन्ही इनाम. पण मदतमाश माणसाच्या चरितार्थासाठी दिलेलं, आणि खिदमतमाश देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेलं. सेवेच्या जमिनीचा व्यवहार करायला गेलं की पुढची पिढी कोर्टात. १९५४ चा इनाम रद्द करण्याचा जो हैदराबादचा कायदा आहे त्यातही या दोघांची वाट एक नाही. भाषांतरात दोघांनाही नुसतं 'इनाम लँड' लिहिलं की वकिलाला कळतच नाही आपण कशावर चाललोय.

कूळकायदासुद्धा महाराष्ट्रात एक नाही ताई. तुमच्याकडे १९४८ चा मुंबईचा, आमच्याकडे १९५० चा हैदराबादचा, विदर्भात १९५८ चा. तुमच्याकडे सगळे '३२ग' म्हणतात, तो आकडाच शब्द झालाय. आमच्याकडे '३८ई' म्हणतात. तेव्हा कूळ या नोंदीत कलम देताना प्रदेश द्या, नाहीतर आमच्याकडचा पोरगा ३२ग शोधत बसेल.


वैनगंगा (भंडारा)

वरच्यांनी विदर्भाचं नाव घेतलं म्हणून लिहितो. अशा प्रत्येक पुस्तकात आमचे शब्द शेवटी परिशिष्टात असतात, कृपा करून तुम्ही तसं करू नका. आमच्याकडे जुन्या कागदांवर भूमिस्वामी आणि भूमिधारी आहे. १९६६ च्या महसूल संहितेनंतर भूमिस्वामी साधारणपणे भोगवटादार वर्ग १ मध्ये गेले आणि भूमिधारी वर्ग २ मध्ये, ज्यांना जमीन विकायला परवानगी लागते. मालगुजारी तलाव आहेत, निस्तार हक्क आहेत, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीवरचे सरपण, चराईचे हक्क.

आणि 'झुडपी जंगल'. शब्दाला शब्द ठेवून कुणीही त्याचं भाषांतर करेल, झुडपं असलेली जमीन. ही आमच्या पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांतली महसुली नोंद आहे. त्या जमिनींवर शाळा आहेत, दवाखाने आहेत, वस्त्या आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच मानायची असं सांगितलं आणि जुन्या वापरांबाबत कार्यपद्धती घालून दिली. दोन शब्दांच्या नोंदीवर आमच्याकडची घरं उभी आहेत. त्यात झुडपं आहेत की नाहीत याने काही फरक पडत नाही.


नोंदवही (पुणे)

मी कोशकार्यालयात उमेदीची वर्षं घालवली आणि नंतर काही वर्षं भाषांतराच्या विद्यार्थ्यांना कोशरचना शिकवली. कोयनाकाठ, तुमचं काम वाचून मला फार आनंद झाला. तुम्ही विचारलेल्या गोष्टी सुट्या वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे.

सामान्य शब्दकोश शब्दापासून निघतो आणि त्याचे अर्थ गोळा करतो. परिभाषेचं काम उलट्या टोकाने करतात. आधी संकल्पना निश्चित करायची, तिला क्रमांक द्यायचा, मग तिला कोण काय म्हणतं ते तिच्याखाली लिहायचं. ऑस्ट्रियाचे अभियंते ऑयगेन व्युस्टर यांनी यंत्रांच्या हत्यारांचा कोश याच पद्धतीने केला, तो १९६८ साली निघाला. पुढे परिभाषेच्या कामाची जी आंतरराष्ट्रीय मानकं झाली त्यांच्या मुळाशी त्यांचाच विचार आहे. तुमच्यापुरतं त्याचं फळ असं: हिश्श्याची आणेवारी ही एक नोंद, पिकाची आणेवारी ही दुसरी. दोन्हींना स्वतंत्र क्रमांक. शंकूसाखळी यांचे चार आणे म्हणजे चार नोंदी. उलट गट नंबर, सर्व्हे नंबर आणि भूमापन क्रमांक हे लोक एकमेकांच्या जागी वापरतात, तर तिथे आधी ठरवावं लागेल की संकल्पना एक आहे की तीन. एकत्रीकरण योजनेतून आलेला गट आणि मूळ मोजणीतला सर्व्हे नंबर एक नव्हेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कोशात ते दिसलं पाहिजे.

मात्र छापताना संकल्पनेच्या क्रमाने छापू नका. तुमची ती कर्ज विभागातली मुलगी हातात शब्द घेऊन येणार आहे. तिला शब्दाच्या क्रमानेच सापडू द्या, आणि जिथे एकाच शब्दाच्या दोन नोंदी असतील तिथे शब्दापुढे कंसात क्षेत्र लिहा: आणेवारी (हिस्सा), आणेवारी (पीक). संक्षेपाला त्याच्या स्वतःच्या जागी पूर्ण नोंद द्या. 'ए.कु.मॅ.: पाहा एकत्र कुटुंब मॅनेजर' असं करून माणसाला दुसऱ्या पानावर पिटाळू नका. ज्याला पूर्ण रूप माहीत आहे तो मुळात कोश उघडणारच नाही.

आता पोटखराब. व्याख्येत आधी ती वस्तू कुठल्या जातीची आहे ते यावं, मग त्या जातीतल्या इतरांपासून तिला वेगळं करणारी खूण. 'शेतीला निरुपयोगी जमीन' ही व्याख्या गावाबाहेरच्या उघड्या डोंगरालाही लागू पडते. तो पोटखराब नाही. खूण 'पोट' या शब्दातच आहे: ते भूमापन क्रमांकाच्या पोटातलं क्षेत्र आहे. मी अशी लिहीन: 'भूमापन क्रमांकाच्या हद्दीतलं, पण लागवडीलायक नाही किंवा सार्वजनिक वापरासाठी राखलेलं आहे म्हणून आकारणीतून वगळलेलं क्षेत्र.' मग वर्ग अ: खडक, नाला, खंदक, शेतघर, खळं. वर्ग ब: रस्ता, पायवाट, लोकांच्या वापरातलं पाणी, दफनभूमी. दुसऱ्यावर लागवड करता येत नाही, हे बँकेला कळायला हवं. आणि एक ओळ काळाची: २०१८ च्या बदलानंतर वर्ग अ चं क्षेत्र लागवडीखाली आणलं असेल तर ते लागवडीयोग्य क्षेत्रात धरता येतं. म्हणून २०१८ च्या आधीचा आणि नंतरचा उतारा समोर ठेवून पोटखराब वाचताना दोन वेगळी उत्तरं निघू शकतात. तुमच्या प्रत्येक नोंदीत तारखेसाठी जागा हवी, ती ही अशी.

कायदा किती द्यायचा याला माझं उत्तर: कलम क्रमांक द्या, कलमाचा मजकूर देऊ नका. तो बदलतो, आणि तो वाचायला वकील आहेत.

व्हॉट्सॲपच्या तक्त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ईस्ट इंडिया कंपनीने महसुली शब्दांची यादी छापून, भरायला कोऱ्या जागा ठेवून, हिंदुस्थानातल्या आपल्या अधिकाऱ्यांकडे पाठवली होती. पगारी नोकर होते ते, तरी फारच थोडं भरून आलं. त्यातून मन लावून काम केलं ते हेन्री एलियटनी, त्या यादीला त्यांनी लिहिलेली पुरवणी १८४५ मध्ये निघाली, आणि विल्सनचा न्याय व महसुली शब्दांचा मोठा कोश १८५५ साली लंडनला छापला गेला. त्या कोशात मराठी शब्द भरपूर आहेत. जुन्या इनामांच्या नोंदींसाठी तो तुम्ही पाहावाच, फक्त त्याचं इंग्रजी वाचताना लक्षात ठेवा की वसूल गोळा करणाऱ्याच्या खुर्चीतून ते लिहिलेलं आहे.

आपली परंपरा त्याहून जुनी आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला. सुमारे १३८० शब्द, फारसी-अरबी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय, आणि मांडणी विषयवार दहा वर्गांत: दुर्गवर्ग वेगळा, लेखनवर्ग वेगळा. ज्या कारभाऱ्याला किल्ल्याचं काम आहे त्याला किल्ल्याचे शब्द एका जागी मिळावेत. वापरणारा डोळ्यांपुढे ठेवून केलेली ती मांडणी आहे. त्या कोशाला शब्द बदलायचे होते, तुम्हाला आहेत ते उलगडायचे आहेत. तेव्हा एक विनंती. जमाबंदी, तहसील, फेरफार, इकरार यांना शुद्ध पर्याय सुचवायच्या मोहात पडू नका. कागदावर जे आहे तेच शिरोशब्द, म्हणजे नोंदीच्या माथ्यावरचे शब्द.


अक्षरजुळणी

दोन तांत्रिक गोष्टी, पण आत्ताच केल्या नाहीत तर ६४० चे २००० झाल्यावर रडायची वेळ येईल.

एक्सेलमध्ये क्रम लावलात की 'ळ' ल नंतर लगेच येतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तिथे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ तर क आणि ज च्या पोटात जातात. क्रमासाठी वेगळा स्तंभ ठेवा आणि छापायच्या आधी हाताने तपासा.

दुसरं, 'ॲ' दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र चढवून. डोळ्याला सारखंच दिसतं, शोध घेताना मात्र सापडत नाही. एक तऱ्हा ठरवा आणि दुसरी बदलून टाका. शिवाय कूळ आणि कुळ, गट नं. आणि गट क्र., ही कागदांवर दिसणारी सगळी रूपं एका वेगळ्या स्तंभात भरा, चुकीची म्हणून गाळू नका. माणूस चुकीचं रूप टाकूनच शोधणार, कारण समोरच्या उताऱ्यावर तेच छापलेलं आहे. वर्डमध्ये सजवायला एवढ्यात बसू नका.


कोयनाकाठ

तुम्हा सगळ्यांची उत्तरं छापून घेतली आणि पंधरा दिवस त्यांवर काम केलं, म्हणून लिहायला उशीर झाला.

आधी कबूल करते की माझी यादी सातारा, सांगली आणि कोल्हापूरच्या कागदांवरची आहे, आणि मी तिला महाराष्ट्राची समजत होते. लातूरच्या दादांचं फसलीचं वाचून रात्री उठून जुनी एक फाइल काढली. बारा वर्षांपूर्वी उस्मानाबादकडचा एक कागद केला होता. सुदैवाने साल तसंच ठेवून पुढे 'फसली' लिहिलं होतं. पण का लिहिलं, इसवी कुठलं, ते माहीत नव्हतं.

शिरोशब्दापुढे 'कागद व रकाना' हा स्तंभ केला. शंकूसाखळी काका, हा एक स्तंभ भरतानाच माझे ८७ शब्द अडले. अर्थ लिहिला होता, पण शब्द नेमका कुठे पाहिला होता ते आठवेना. म्हणजे तो अर्थ मी कुणाकडून तरी ऐकून लिहिला होता. ते सगळे बाजूला काढले. कागदावर पुन्हा सापडतील तेव्हा आत घेईन.

तक्ता पाठवायचा नाद सोडला. त्याऐवजी आमच्या सजाच्या ग्राम महसूल अधिकारी ताईंकडे दोन दुपारी जाऊन बसले. तलाठी हे पदनाम बदललं तरी गावात सगळे त्यांना तलाठी ताईच म्हणतात, तेव्हा कोशात दोन्ही घेतेय. तिथे बसल्या-बसल्या, नुसतं लोकांचं बोलणं ऐकून एकोणीस शब्द मिळाले. एक म्हातारे गृहस्थ 'नवी शर्त काढायचीय' म्हणत होते. माझ्या यादीत 'नवीन अविभाज्य शर्त' होतं, 'न.अ.श.' होतं, पण 'शर्त काढणे' ही क्रिया नव्हती. नजराणा भरून वर्ग २ ची जमीन वर्ग १ करून घेणं, एवढं सगळं त्या दोन शब्दांत आहे. नामांच्या मागे लागून मी क्रियापदं सोडली होती: बोजा चढवणे, बोजा उतरवणे, वारस लावणे, नाव कमी करणे, नोंद धरणे, नोंद प्रमाणित करणे. 'नोंद धरली' म्हणजे अजून मंजूर झालेली नाही. बँकेने या एका क्रियापदावर फसू नये.

एक नोंद नव्या रीतीने केली आहे, चूक दिसली तर सांगा.

इकरार. कागद: गाव नमुना ७, इतर हक्क, फेरफार नोंदवही. अर्थ: सहकारी सोसायटीकडून कर्ज घेताना सभासदाने आपल्या जमिनीवर त्या कर्जाचा बोजा निर्माण करून दिल्याचं घोषणापत्र. कागदावरची रूपं: इकरार, ई-करार, इ करार. सोबत दिसणारे शब्द: वि.का.स., बोजा. कायदा: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ४८. गल्लत: साठेखत नव्हे, विक्रीचा करार नव्हे. इंग्रजीत: 'डिक्लरेशन क्रिएटिंग चार्ज'. उदाहरण: 'खातेदार यांनी सोसायटीकडून रु. ४०,००० चा इकरार केला, सबब इतर हक्कात बोजा नोंदविला.'

'गल्लत' हा स्तंभ तुमच्यापैकी कुणी सुचवलेला नाही, तो मी घातला. माझ्या हातून आणि माझ्यासमोर ज्या चुका झाल्या त्या त्यात येतील. आणेवारीत हिस्सा आणि पीक, आण्यात लांबी आणि क्षेत्र, मदतमाशात खिदमतमाश. झुडपी जंगलाच्या नोंदीत 'झुडपं असलेली पडीक जमीन नव्हे' हे पहिल्या ओळीतच टाकलंय. उदाहरणांतली नावं, गाव, गट नंबर सगळं काढून टाकतेय. लोकांच्या जमिनी आहेत त्या.

सर, पोटखराबची तुमची व्याख्या जशीच्या तशी घेतली. तीच पट्टी लावून पाहिली तेव्हा माझ्या व्याख्यांपैकी निम्म्याहून जास्त नुसते प्रतिशब्द निघाले. 'जुडी: इनाम जमिनीवरचा कर' असं लिहिलं होतं. पूर्ण आकारापेक्षा कमी, सवलतीचा, हे त्यात आलंच नव्हतं, आणि जुडीत महत्त्वाचं तेच आहे.

वैनगंगा, परिशिष्ट करणार नाही, शब्द अकारविल्हे एकाच रांगेत येतील. पण भूमिधारीची नोंद मी नुसती वाचून लिहू शकत नाही. भूमिधारी लिहिलेला एखादा जुना उतारा, नावं झाकून, मिळेल का? रकाना डोळ्यांनी पाहायचाय.

काका, टिपणही मी आजवर फक्त नक्कल म्हणून फाइलीत पाहिलंय, वाचलेलं नाही. वाईला आले तर शिकवाल का?


वैनगंगा (भंडारा)

आमच्या आजोबांच्या नावचा आहे. झाकायला काही नाही, पण तुमचा नियम म्हणून झाकून पाठवतो.


शंकूसाखळी (वाई)

मंगळवारी या. माझ्या स्वतःच्या रानाच्या टिपणाची नक्कल आहे, त्यावर शिकू आणि मग रानात जाऊन मोजून बघू. साखळी आहे घरी, अजून शाबूत राखलीय. भिंग मात्र तुमचं घेऊन या, शाई फिकी झालीय.